दोन कुत्री, ३८,४०० रुपये आणि एक कंगवा

पुण्यातल्या वारज्यात राहणाऱ्या एका कुटुंबाने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांच्या घरी दीड वर्षाची शित्झू आणि नऊ वर्षांचा लॅब्राडोर अशी दोन कुत्री आहेत. जवळचे पार्लर शित्झूच्या अंघोळीसह केस कापण्याचे १,८०० रुपये आणि लॅब्राडोरच्या अंघोळ, ब्रशिंग व नखांचे १,४०० रुपये घेते. दोघांनाही महिन्यातून एकदा नेले तर वर्षाला ३८,४०० रुपये होतात. घरातल्या पुरुषमंडळींचे म्हणणे असे की, ६,००० रुपयांचे केस कापण्याचे मशीन एकदा घेतले की तो खर्च दोन महिन्यांत वसूल होईल. सासऱ्यांचे म्हणणे आणखी सोपे आहे: गच्चीवर दोन बादल्या पाणी आणि साबण पुरे, कुत्र्याला पार्लर कशाला हवे. प्रश्न विचारणाऱ्या ताईंना दोन्ही पटत नाही आणि पार्लरचे बिलही परवडत नाही. मी गेली चौदा वर्षे सिंहगड रस्त्यावर ग्रूमिंगचे, म्हणजे कुत्र्यांची अंघोळ, केस आणि नखे यांचे काम करते. त्यामुळे माझे उत्तर थोडे माझ्याच धंद्याच्या विरोधात जाणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

तुमच्या हिशोबातली पहिली चूक ही की, दोन्ही कुत्र्यांना एकाच मापाने मोजले आहे. शित्झूचे केस माणसाच्या डोक्यावरच्या केसांसारखे वाढत राहतात, फारसे गळत नाहीत, आणि कापले नाहीत तर जमिनीला टेकतात. लॅब्राडोरचे केस ठरावीक लांबीला येऊन थांबतात, गळतात आणि पुन्हा येतात. त्याला आयुष्यात एकदाही केस कापण्याची गरज नसते. म्हणजे एकाला खरोखर कारागीर लागतो आणि दुसऱ्याला फक्त नियमित हात लागतो. दुसरी चूक ही की, पार्लर की घर असा प्रश्न तुम्ही घातला आहे. प्रत्यक्षात पार्लरचे बिल किती येईल हे घरी काय केले जाते त्यावर ठरते. घरी रोज दहा मिनिटे कंगवा फिरला तर पार्लरच्या फेऱ्या निम्म्या होतात आणि प्रत्येक फेरी स्वस्तही पडते; तो फिरला नाही तर ६,००० चे मशीनही वाया जाते आणि १,८०० चे पार्लरही.

त्या १,८०० रुपयांत नेमके काय असते ते आधी पाहू. शित्झूच्या पूर्ण कामाला माझे आणि मदतनीसाचे मिळून पावणेदोन ते दोन तास जातात. त्यांपैकी प्रत्यक्ष अंघोळीला वीस मिनिटेही लागत नाहीत. केस मुळापर्यंत वाळवायला अर्धा ते पाऊण तास, वाळवता वाळवता विंचरायला वीस मिनिटे, अंगाचे केस मशीनने आणि तोंड, कान, पंजे कात्रीने कापायला आणखी पाऊण तास, आणि उरलेल्या वेळात नखे, कान व तळव्यांमधले केस. ब्लोअर दोन हजार वॉटचा असेल तर अर्ध्या तासात एक युनिट वीज जाते, आणि दुकानाचा वीजदर घरापेक्षा महाग असतो. उन्हाळ्यात टँकर, वर्षभर गाळा-भाडे, ब्लेडना धार लावणे, टॉवेल धुणे हे सगळे त्यातच बसवायचे असते. लोकांना वाटते की आपण अंघोळीचे पैसे देतो. खरे तर पैसे वाळवण्याचे आणि विंचरण्याचे असतात. घरी लोक अंघोळ नेमाने घालतात आणि हीच दोन कामे सोडून देतात.

आता गुंत्याविषयी सविस्तर लिहिते, कारण पैसा आणि कुत्र्याचे हाल दोन्ही तिथेच आहेत. धनगरांकडचा बुरणूस ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही गोष्ट लगेच कळेल: लोकर भिजवून, दाबून, घोटून तिचे सलग कापड होते, त्यात विणकाम नसते. शित्झूच्या अंगावर हेच आपोआप घडते. गळलेला बारीक केस बाहेर पडत नाही, तो शेजारच्या केसांत अडकतो. त्यावर पाणी पडले, पट्टा घासला, कुत्रे त्यावर झोपले की गाठ घट्ट होते. विंचरण्याआधी अंघोळ घातली तर सैल गाठ वाळताना आवळते आणि आत शाम्पू व ओल अडकून राहते. म्हणून क्रम पक्का लक्षात ठेवावा: आधी विंचरणे, मग अंघोळ, मग पूर्ण वाळवणे आणि वाळवतानाच पुन्हा विंचरणे. पुण्यात जून ते सप्टेंबर हवा दमट असते, कपडे दोन दिवस वाळत नाहीत, तिथे पंख्याखाली बसवलेली शित्झू वरून कोरडी दिसली तरी काखेत आणि कानामागे ओलीच असते.

काही वर्षांपूर्वी एका घरातून ल्हासा आप्सो, शित्झूसारखाच लांब केसांचा कुत्रा, आला होता. घरची मंडळी प्रेमळ होती, दर रविवारी त्याला न चुकता अंघोळ घालत, फक्त कंगवा कधी लावत नसत. पाठीवर हात फिरवला तर केस मऊ लागत, कारण वरचा थर मोकळा होता. खाली मानेपासून शेपटीपर्यंत सलग बुरणूस झाला होता. तो सोडवणे म्हणजे जनावराचा छळ झाला असता, म्हणून मी सगळे केस अगदी मुळाशी उतरवले. जवळपास एकाच तुकड्यात ते निघाले. आत मांड्यांमध्ये आणि काखेत कातडी लाल, ओली आणि वास मारणारी झाली होती. माझे बिल गुंत्याच्या जादा आकारासह २,२०० रुपये झाले आणि पुढे डॉक्टरांची औषधे निराळी. रविवारच्या त्या घरच्या अंघोळींना काहीच खर्च येत नाही, असे त्या कुटुंबाला वाटत होते.

विंचरण्याची रीत अशी. फक्त वरवर ब्रश फिरवणे म्हणजे विंचरणे नव्हे. कुत्रीला मांडीवर किंवा टेबलावर आडवे करावे, एका हाताने केस वर धरावेत, कातडीची रेघ दिसली पाहिजे, आणि त्या रेघेपासून थोडे थोडे केस खाली सोडत स्लिकर ब्रशने (बारीक, वाकड्या तारांच्या ब्रशने) मोकळे करावेत. त्यानंतर स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत न्यावा. कंगवा कुठेही न अडता गेला तरच तो भाग झाला असे समजावे. कानांच्या मागे, काखेत, पट्ट्याखाली, मांडीच्या आत, शेपटीच्या मुळाशी आणि हनुवटीखाली रोज पाहावे. पाठ दोन दिवसांनी पाहिली तरी चालते, कारण पाठीवर गुंता क्वचितच होतो आणि लोक मात्र पाठच घासत बसतात. पट्टा किंवा हार्नेस घरात आल्यावर काढून ठेवावा. सापडलेली गाठ बोटांनी उकलावी, मग कंगव्याच्या टोकाने बाहेरून आत सोडवावी. कात्री लावू नये.

कात्रीचा हा इशारा मी स्वतःच्या चुकीतून देत आहे. काम सुरू केल्यावर पहिल्याच वर्षी, एका पूडलच्या कानामागची गाठ कात्रीने कापताना मी गाठीबरोबर ओढली गेलेली कातडीही कापली. गाठ कातडीला खेचून वर उचलते, त्यामुळे केस कुठे संपतात आणि कातडी कुठे सुरू होते ते डोळ्यांना दिसत नाही. तीन टाके पडले. डॉक्टरांचे पैसे मी भरले आणि त्या घराने पुन्हा माझ्याकडे येण्याचे कारण नव्हते. ते आले नाहीत. काम शिकलेल्या हाताकडून असे होते, तर रविवारी सकाळी शिवणकामाची कात्री घेऊन बसलेल्या माणसाकडून काय होईल याचा अंदाज करावा. शित्झूचे डोळे बाहेर आलेले असतात, म्हणून डोळ्यांभोवतीचे आणि तोंडाचे केस तरी घरी कापू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. डोळ्यांखालची चिकट घाण मात्र रोज कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसावी. ते काम पार्लरसाठी राखून ठेवण्याजोगे नाही.

मशीनविषयी तुमच्या घरच्यांचा हिशोब कागदावर बरोबर आहे आणि टेबलावर चुकतो. ६,००० रुपयांचे मशीन ब्लेडवर बसवायच्या प्लॅस्टिकच्या कंगव्यांसह येते आणि तो कंगवा मोकळ्या केसांतूनच जातो. जिथे गाठ आली तिथे तो अडकतो, मग माणूस तो काढून टाकतो, उघडे ब्लेड लावतो, आणि कुत्रीच्या अंगावर पायऱ्या पडतात. व्यवसायात आम्ही ज्या सुट्या ब्लेडचे मशीन वापरतो त्यात १० नंबरचे ब्लेड साधारण दीड मिलिमीटर केस ठेवते आणि ४एफ साधारण साडेनऊ मिलिमीटर. शित्झू मऊ, गुबगुबीत दिसावी म्हणून सगळ्यांना जास्त मिलिमीटरची लांबी हवी असते. पण ब्लेड जितके लांब केस ठेवणारे, तितके त्याचे दात विरळ, आणि विरळ दातांत कातडीची घडी शिरण्याचा धोका तितका जास्त. शिवाय ब्लेड दहा-पंधरा मिनिटांत तापते. ते दर काही मिनिटांनी आपल्या मनगटाला लावून पाहावे लागते, कारण पोटाची कातडी भाजली तर कुत्री त्या वेळी ओरडत नाही, संध्याकाळी चाटू लागते. चांगले मशीन, दोन-तीन ब्लेड, तेल आणि कुत्र्यांचा ब्लोअर असा नीट संच घ्यायचा तर माझ्या अनुभवात २० ते २५ हजार रुपये होतात. ते दोन वर्षांत वसूल होऊ शकतात, हे खरे. पण पहिली पाच-सहा कापणी वाईट होणार, प्रत्येकीला तीन-चार तास लागणार आणि ती दोन दिवसांत विभागावी लागणार, हेही खरे. ज्याला हे काम आवडते त्याने जरूर शिकावे. फक्त पैसे वाचावेत म्हणून शिकणाऱ्यांची मशीने मी माळ्यावर पडलेली पाहिली आहेत, आणि त्यांपैकी दोन मीच निम्म्या किमतीत विकत घेतली आहेत.

लॅब्राडोरचे प्रकरण वेगळे आहे आणि पुष्कळच स्वस्त आहे. त्याला वरचा राठ केस आणि खालची दाट लव असे दोन थर असतात. लव गळते, घरभर उडते, आणि उन्हाळा आला की कोणीतरी सांगते, त्याला झीरो मशीन मारून आणा, बिचाऱ्याला उकडत असेल. कृपा करून हे करू नका आणि कोणी पार्लरवाला पैसे घेऊन करून देत असेल तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. हे दोन्ही थर मिळून ऊन आणि थंडी दोन्ही अडवतात. मुळाशी केस काढले तर ऊन थेट कातडीवर येते आणि पुढे केस कुठे येतात, कुठे महिनोन् महिने येतच नाहीत. उन्हाळ्याचा खरा उपाय म्हणजे आतली गळालेली लव बाहेर काढणे, म्हणजे हवा खेळते. त्यासाठी दोनशे रुपयांचा रबरी ब्रश रोज पाच मिनिटे पुरतो. केस जास्त गळण्याचे दिवस येतात तेव्हा पार्लरमध्ये नेऊन जोरदार ब्लोअरने लव उडवून आणावी. ते काम घरी नीट होत नाही आणि झाले तरी आठवडाभर घरच झाडत बसावे लागते. वर्षातून तीन फेऱ्या त्याला पुरतात. महिन्याला नेणे म्हणजे मला, किंवा माझ्यासारख्या कोणाला, फुकट पैसे देणे आहे.

त्याचे वय नऊ आहे, ही गोष्ट मी पैशांहूनही वर ठेवेन. या वयाच्या लॅब्राडोरचे कंबर आणि मागचे पाय बहुधा दुखत असतात, आणि पार्लरच्या टेबलावर किंवा ओल्या टबात तासभर उभे राहणे त्याला जड जाते. घरच्या मोरीत रबरी चटई टाकून, कोमट पाण्याने, मध्ये बसू देऊन घातलेली अंघोळ त्याला जास्त मानवेल. दीड-दोन महिन्यांतून एकदा घातली तरी चालते. रोज ब्रश करण्याचा आणखी एक फायदा असा की, हाताला नवीन गाठ लागते. म्हाताऱ्या लॅब्राडोरना चरबीच्या गाठी पुष्कळदा येतात आणि त्या बहुतेक निरुपद्रवी असतात, पण कोणती निरुपद्रवी आणि कोणती नाही हे डॉक्टरांनी सुईने तपासून सांगायचे असते. मी महिन्यातून एकदा पाहते, तुमचा हात रोज फिरतो. गाठ तुम्हालाच आधी सापडणार.

सासऱ्यांच्या गच्चीवरच्या अंघोळीला मी सरसकट नाही म्हणणार नाही. लॅब्राडोरसाठी ती वाईट नाही, फक्त वेळ सांभाळावी. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी हात पोळेल इतके तापलेले असते आणि फरशी पंजे भाजते. म्हणून सकाळी नऊच्या आत. डिसेंबर-जानेवारीत उलट, ऊन चढल्यावर. पावसाळ्यात गच्ची विसरावी. साबण मात्र नको. कुत्र्याची कातडी माणसापेक्षा पातळ असते आणि तिची आम्लता आपल्यापेक्षा कमी, जवळजवळ उदासीन पाण्याइतकी असते. त्यामुळे अंगाचा साबण, आपला शाम्पू, लहान मुलांचा शाम्पू यांपैकी काहीही नियमित वापरण्याजोगे नाही. पाण्यात जंतुनाशकाचे झाकण ओतण्याची सवय तर फार घरांत आहे आणि खाज सुटलेली कितीतरी कुत्री त्याच झाकणामुळे माझ्याकडे येतात. कुत्र्यांचा शाम्पू बाटलीतून थेट अंगावर ओतू नये, मगमध्ये पाण्यात पातळ करून घ्यावा. तो कमी लागतो, मुळापर्यंत पोहोचतो आणि लवकर निघतो. फेस करायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ धुवावे. ज्या सोसायट्यांत बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी येते तिथे शाम्पू नीट निघत नाही आणि केस राठ होतात, तिथे शेवटची बादली पिण्याच्या पाण्याची घ्यावी.

नखे हे एकच काम असे आहे की जे घरी शिकले तर लगेच पैसे वाचतात. फ्लॅटमध्ये फरशीवर वावरणाऱ्या कुत्र्यांची नखे झिजत नाहीत, ती दर तीन-चार आठवड्यांनी कापावी लागतात, आणि फक्त नखांसाठी पार्लर दीडशे-दोनशे रुपये घेते. पांढऱ्या नखात गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडे थांबायचे. काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून एक-एक मिलिमीटर कापत जावे आणि कापलेल्या तोंडावर मधोमध गडद ठिपका दिसू लागला की थांबावे. शीर कापली गेली तर रक्त बरेच येते आणि घरात गोंधळ होतो, पण चिमूटभर कॉर्नफ्लॉर दाबून धरले की ते थांबते. पुढच्या पायांना आतल्या बाजूला वर जे अंगठ्यासारखे नख असते ते जमिनीला लागत नाही, कधीच झिजत नाही आणि वळून मांसात घुसते. शित्झूच्या केसांत ते लपलेले असते, ते शोधून पाहावे. कान बाहेरून जितके बोट जाईल तितकेच कापसाने पुसावेत, कानकोरणे किंवा इअरबड आत घालू नये. वास येत असेल किंवा काळसर मळ असेल तर ते ग्रूमरचे काम नाही, डॉक्टरांचे आहे.

आता पार्लरच्या पाटीवरच्या जादा सेवांविषयी, आणि इथे माझे व्यावसायिक मित्र नाराज होतील. गोचीड घालवण्याची अंघोळ तीनशे ते पाचशे रुपयांना विकली जाते. त्या शाम्पूने त्या दिवशीच्या गोचीड मरतात, पण धुतल्यावर औषध अंगावर फारसे उरत नाही आणि चार दिवसांनी बागेतून नवीन येतात. पुण्यात पावसाळा लागला की गोचीड वाढतात आणि त्यांच्यामार्फत एहरलिचिया, बबेसिया असे रक्ताचे आजार पसरतात. त्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने महिनाभर किंवा जास्त टिकणारी गोळी किंवा मानेवर घालायचे थेंब हाच खर्च योग्य आहे. औषधांच्या दुकानातून अमिट्राझ हे गोचीड मारण्याचे औषध आणून अंदाजाने पाण्यात मिसळून घरी अंग धुणारेही पुष्कळ आहेत. प्रमाण चुकले तर कुत्रे सुस्त पडते आणि हृदयाचे ठोके मंदावतात. सुगंधी फवारे, नेलपॉलिश आणि रंगीत शेपटी यांवर मी काही लिहीत नाही. दात घासून देणे हे महिन्यातून एकदा करून उपयोगाचे नसते, ते रोज घरी करायचे काम आहे. शेपटीखालच्या ग्रंथी दाबून रिकाम्या करणे हे प्रत्येक वेळी करू देऊ नये. कुत्रे बूड जमिनीवर घासत असेल तरच आणि तेही डॉक्टरांना विचारून.

तुमच्या घरापुरता हिशोब मी असा मांडेन. शित्झूला दर आठ आठवड्यांनी पार्लरमध्ये न्यावे, म्हणजे वर्षातून सहा वेळा, १०,८०० रुपये. लॅब्राडोरच्या तीन फेऱ्या, ४,२०० रुपये. हे झाले १५,०००. घरी शित्झूला मधल्या काळात पंधरा-अठरा अंघोळी आणि लॅब्राडोरला पाच-सहा, यांना पातळ करून वापरला तर अर्ध्या लिटरच्या शाम्पूच्या दोन बाटल्या पुरतात, १,२०० रुपये; कंडिशनर ५००, कान पुसण्याचे द्रावण ४००. पहिल्या वर्षी सामान घ्यावे लागेल: स्लिकर ब्रश ४५०, स्टीलचा कंगवा ३५०, रबरी ब्रश २००, नखे कापण्याचे ३००, पाणी शोषणारे दोन टॉवेल ४००, म्हणजे १,७००. एकूण १८,८०० रुपये. तुमच्या ३८,४०० मधून १९,६०० वाचतात आणि पुढच्या वर्षी सामानाचे पैसेही नसतात. या हिशोबात तुमचा वेळ धरलेला नाही. तो रोज पंधरा मिनिटे आणि अंघोळीच्या दिवशी दीड तास आहे. घरात तो वेळ कोणाकडेच नसेल तर शित्झूचे केस बारीक, अर्धा इंचाच्या आतबाहेर, ठेवावेत. ती कमी सुंदर दिसेल आणि आठवड्यातून तीनदा विंचरलेलेही पुरेल. लांब केसांची शित्झू पाळणे हा छंद आहे, त्याला वेळ लागतोच.

येण्याजाण्याचा खर्च तुम्ही धरला नाही. वारज्याहून औंध-बाणेरच्या चकचकीत पार्लरमध्ये जायचे तर जाता-येता टॅक्सीचे चार-पाचशे रुपये होतात; रिक्षावाले कुत्रा पाहून पुढे निघून जातात ते वेगळेच. शंभर रुपये जास्त घेणारे पण पायी जाता येईल असे पार्लर स्वस्त पडते. दारात येणारी ग्रूमिंगची गाडी दरात जास्त असते, तरी लॅब्राडोरला जिने चढणे-उतरणे अवघड झाले की तीच घ्यावी.

पार्लर निवडताना दर विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. कुत्रे कसे वाळवता? पिंजऱ्यात ठेवून गरम हवा सोडून निघून जात असतील तर शित्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्रीला तिथे नेऊ नये, तिला उष्माघात लवकर होतो. लसीकरणाचे कार्ड मागता का? मागत नसतील तर शेजारच्या टेबलावरच्या कुत्र्याचेही मागितलेले नाही. आणि कुत्रे ऐकले नाही तर काय करता? उत्तरात गुंगीच्या औषधाचा उल्लेख आला तर तिथून निघावे. गुंगी देणे हे पशुवैद्यकाचे काम आहे, पार्लरचे नाही. माझ्याकडे कधी कधी कारवान जातीचे कुत्रे पूर्ण ग्रूमिंगसाठी येते. त्याच्या अंगावर कापायला केसच नसतात. त्याच्या मालकाला मी रबरी ब्रश देऊन घरी पाठवते, आणि तोच माणूस पुढे आपल्या शेजाऱ्यांचे पूडल घेऊन येतो. प्रामाणिक पार्लर ओळखायचे असेल तर लॅब्राडोरची मासिक फेरी गरजेची आहे का, हे त्यांनाच विचारून पाहावे.

दर कमी करून मिळतो का, असेही तुम्ही शेवटी विचारले होते. दहा फेऱ्यांचे पैसे आगाऊ भरा, दोन फुकट, अशा योजनेत मी पडणार नाही, कारण आवडले नाही तर पैसे अडकतात. पण कुत्री विंचरून, गाठीशिवाय आणून टेबलावर ठेवली आणि पुढची तारीख तिथेच घेतली, तर बहुतेक ग्रूमर दोनशे रुपये आनंदाने सोडतात. मी तर सोडतेच, कारण माझा अर्धा तास वाचलेला असतो. मशीनचा निर्णय तीन महिने पुढे ढकला. तोवर स्टीलचा कंगवा तिच्या कानामागून आणि काखेतून रोज न अडकता जात असेल, तर ६,००० चे मशीन घ्या आणि सुरुवात पाठीपासून करा, तोंड आमच्यासाठी ठेवा.